उच्च रिझोल्यूशनवर गेम खेळण्यासाठी ग्राफिक्स कार्डमध्ये किती मेमरी असावी?

ग्राफिक्स कार्ड निवडताना मेमरीचा आकडा काही जण सर्वांत शेवटी पाहतात, तर काही जण केवळ तोच पाहतात, आणि दोन्ही वाटांनी पैसे चुकीच्या जागी जातात. ४के मॉनिटर घेणारा खेळाडू ८ जीबीचे कार्ड बसवतो आणि गेम सतत अडखळू लागतो. दुसरा खेळाडू १६ जीबी एवढे वाचून कार्ड घेतो, पण त्या कार्डाची चित्रे तयार करणारी मुख्य चिप (जीपीयू) इतकी मंद असते की ती मेमरी उपयोगी पडेल अशी सेटिंग लावताच फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, कोसळतो. डेस्कटॉप संगणकाची रॅम सहसा पुढे वाढवता येते. ग्राफिक्स कार्डावरच्या मेमरी चिप मात्र बोर्डावर सोल्डर केलेल्या असतात, त्यामुळे खरेदीच्या दिवशी ठरलेला आकडा त्या कार्डाच्या अखेरपर्यंत तोच राहतो.

म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. कार्डाचे नाव पाचवा टप्पा संपेपर्यंत मनातही आणू नये, कारण एकदा नाव ठरले की माणूस आपली गरज त्या नावाला जुळवून घेऊ लागतो.

तयारी: आधी लिहून काढायच्या गोष्टी

एका कागदावर पुढील माहिती लिहावी. मॉनिटरचे किंवा टीव्हीचे मूळ रिझोल्यूशन. पुढच्या वर्षभरात प्रत्यक्ष खेळणार असलेले पाच-सहा गेम, आणि त्यांत स्पर्धात्मक गेम किती व मोठ्या नकाशांचे नवे कथाप्रधान गेम किती. मदरबोर्डाचे मॉडेल आणि त्याचा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट, म्हणजे कार्ड बसते ती खाच, कोणत्या पिढीचा आहे. संगणकातील रॅम. आणि नवे कार्ड किती वर्षे वापरायचे आहे. यांतील शेवटची नोंद बहुतेक जण करत नाहीत. दोन वर्षांनी कार्ड विकणाऱ्याचे उत्तर आणि पाच वर्षे वापरणाऱ्याचे उत्तर वेगळे असते, आणि आपल्याकडे अनेक घरांत कार्ड बरीच वर्षे वापरले जाते.

टप्पा १: रिझोल्यूशन म्हणजे नेमके किती पिक्सेल, ते पाहणे

१०८०पी (१९२० × १०८०) म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल, १४४०पी (२५६० × १४४०) म्हणजे ३६,८६,४०० आणि ४के (३८४० × २१६०) म्हणजे ८२,९४,४००. म्हणजे ४के हे १०८०पीच्या बरोबर चौपट आणि १४४०पीच्या सव्वादोन पट आहे. ३४४० × १४४० च्या रुंद मॉनिटरवर ४९,५३,६०० पिक्सेल असतात, म्हणजे ४केच्या सुमारे ६० टक्के. असा मॉनिटर असणाऱ्यांनी स्वतःला १४४०पी आणि ४के यांच्या मध्ये धरावे.

पिक्सेल चौपट झाले म्हणून मेमरीही चौपट लागेल, हा इथला पहिला गैरसमज आहे. एका पिक्सेलला ४ बाइट धरले तर ४केचे एक पूर्ण चित्र सुमारे ३३ एमबीचे होते. आधुनिक गेम एका फ्रेमसाठी रंग, खोली, पृष्ठभागांची दिशा, हालचाल अशी अनेक मधली चित्रे तयार करतो आणि त्यांतील काहींना पिक्सेलमागे ८ बाइट लागतात. सरासरी ८ बाइटची अशी २० चित्रे धरून हिशेब केला तर १०८०पीवर सुमारे ३३० एमबी, १४४०पीवर ५९० एमबी आणि ४केवर १.३ जीबी एवढी मेमरी लागते. म्हणजे केवळ रिझोल्यूशन वाढल्याने पडणारा फरक साधारण एका जीबीच्या आसपास असतो. उरलेली मेमरी भरणारी गोष्ट वेगळीच आहे.

टप्पा २: मेमरी कशाने भरते, हे समजून घेणे

ती गोष्ट म्हणजे टेक्स्चर. भिंत, दगड, कापड, चेहरा अशा प्रत्येक पृष्ठभागावर चढवलेली ही चित्रे असतात. ४०९६ × ४०९६ आकाराचे एक टेक्स्चर नेहमीच्या चांगल्या दर्जाच्या संकोचनात, म्हणजे एका ठिपक्याला एक बाइट या हिशेबाने, दूरून दाखवण्यासाठीच्या आपल्या लहान आवृत्त्यांसह सुमारे २२ एमबी घेते. एका पृष्ठभागाला रंग, उठाव आणि चकाकी यांसाठी अशी किमान तीन टेक्स्चर लागतात. समोरच्या दृश्यात असे शंभर पृष्ठभाग पूर्ण तपशिलात ठेवायचे ठरवले तर साडेसहा जीबी तेवढ्यातच संपतात. तीच टेक्स्चर एक पायरी खाली, म्हणजे २०४८ × २०४८ आकाराची घेतली तर गरज एक चतुर्थांशावर येते आणि पावणेदोन जीबीत काम भागते.

म्हणजे टेक्स्चरच्या सेटिंगमधील एक पायरी ही १०८०पीवरून ४केवर जाण्यापेक्षा मेमरीवर अधिक भार टाकू शकते. प्रत्यक्षात गेम सगळी टेक्स्चर एकाच वेळी पूर्ण तपशिलात ठेवत नाही. खेळाडूच्या जवळची मोठ्या आकारात आणि दूरची लहान आकारात आणली जातात. मात्र पडद्यावर पिक्सेल जास्त असले की दूरच्या वस्तूलाही अधिक तपशील लागतो, म्हणून ४केवर गेम मोठ्या आवृत्त्या अधिक संख्येने मागवतो. रिझोल्यूशनचा मेमरीशी असलेला खरा संबंध मुख्यतः या मार्गाने येतो.

पडताळणी: आपल्या यादीतील प्रत्येक गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन टेक्स्चरच्या किती पायऱ्या आहेत ते पाहावे. काही गेम प्रत्येक पायरीपुढे अंदाजे किती मेमरी लागेल तेही दाखवतात. हा अंदाज दिशा दाखवण्यापुरता घ्यावा, त्यावरून कार्ड ठरवू नये.

टप्पा ३: सध्याच्या कार्डावर मोजमाप करणे

सर्वाधिक चुका या टप्प्यात होतात, म्हणून इथे वेळ द्यावा.

मोजमापासाठी विंडोजचा टास्क मॅनेजर पुरतो. त्याच्या कामगिरीच्या पानावर जीपीयू निवडला की डेडिकेटेड जीपीयू मेमरी आणि शेअर्ड जीपीयू मेमरी असे दोन आकडे दिसतात. पहिला आकडा कार्डावरच्या मेमरीचा असतो. दुसरा आकडा कार्डासाठी उसन्या घेतलेल्या संगणकाच्या रॅमचा असतो. खेळत असताना पडद्याच्या कोपऱ्यात आकडे हवे असतील तर एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर वापरावे, आणि त्यात संपूर्ण कार्डाच्या वापरासोबत केवळ त्या गेमच्या प्रक्रियेचा वापर दाखवणारी नोंदही सुरू करावी.

इशारा: दिसणारा आकडा हा गेमने राखून ठेवलेल्या मेमरीचा असतो. त्याला तेवढ्या मेमरीची गरज असतेच असे नाही. अनेक गेम मोकळी जागा दिसली की पुढे लागू शकणारी टेक्स्चर आधीच आणून ठेवतात. त्यामुळे २४ जीबीच्या कार्डावर १७ जीबी दाखवणारा गेम १२ जीबीच्या कार्डावर सुरळीत चालू शकतो. कुणाच्या तरी चित्रफितीत १७ हा आकडा पाहून २० जीबीचे कार्ड शोधू लागणे ही मला वारंवार दिसणारी चूक आहे.

गरज ओळखण्याची रीत वेगळी आहे. गेम आपल्याला हव्या त्या सेटिंगवर लावून किमान अर्धा तास खेळावे आणि त्यात वस्तीचा दाट भाग, मोकळा भाग आणि एका भागातून दुसऱ्या भागात जाणे हे सगळे यावे. मेमरी हळूहळू भरत जाते, म्हणून पहिल्या पाच मिनिटांचे मोजमाप निरुपयोगी असते. त्यानंतर केवळ टेक्स्चर एक पायरी कमी करून गेम पूर्ण बंद करावा, पुन्हा सुरू करावा आणि त्याच वाटेने पुन्हा जावे. बाकी कोणत्याही सेटिंगला हात लावू नये.

आता तुलना करावी. सरासरी फ्रेम रेट जवळपास तसाच राहिला पण अडखळणे थांबले, तर आधीच्या सेटिंगवर मेमरी कमी पडत होती. काहीही बदलले नाही, तर मेमरी पुरेशी होती आणि अडचण चिपच्या किंवा संगणकाच्या प्रोसेसरच्या वेगाची आहे. सरासरी आकड्यावर इथे विसंबू नये. सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा वेग आणि प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा आलेख या दोन गोष्टींत मेमरीची कमतरता आधी दिसते.

इशारा: प्रत्येक अडखळणे मेमरीमुळे होत नाही. शेडर, म्हणजे पृष्ठभाग कसे दिसावेत हे ठरवणारे छोटे प्रोग्रॅम, तयार होताना येणारा धक्का एखाद्या जागी पहिल्यांदा जाताना बसतो, आणि त्याच जागी पुन्हा गेल्यास सहसा बसत नाही. मेमरी कमी पडत असेल तर मागे वळून पाहिले तरी, पुन्हा पुन्हा, तोच धक्का बसतो, कारण नुकतीच बाहेर काढलेली टेक्स्चर परत आणावी लागतात.

पडताळणी: डेडिकेटेड मेमरी कार्डाच्या क्षमतेला टेकली असताना शेअर्ड मेमरीचा आकडा सतत वाढतो आहे का, ते पाहावे. शेअर्डमध्ये थोडा वापर नेहमीच दिसतो, त्याची चिंता नको. दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर मात्र मेमरी ओसंडत आहे.

आणखी एका गोष्टीकडे डोळ्यांनीच लक्ष द्यावे लागते. काही गेम मेमरी कमी पडली की अडखळत नाहीत, गुपचूप कमी तपशिलाची टेक्स्चर दाखवतात. आलेख स्वच्छ दिसतो, पण जवळची भिंत धुरकट राहते किंवा उशिराने स्पष्ट होते. म्हणून आकडे तपासून झाल्यावर एकदा पडद्यावरचे चित्रही निरखून पाहावे.

आपल्या हाती कार्डच नसेल आणि इतरांच्या चाचण्यांवर अवलंबून राहावे लागत असेल, तर एकाच चिपच्या दोन क्षमतांची तुलना शोधावी, उदाहरणार्थ एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० टीआयची ८ आणि १६ जीबीची रूपे. चिप तीच असल्याने फरक केवळ मेमरीचा दिसतो. गेम बाजारात आला त्या आठवड्यातील चाचण्या मात्र जपून वाचाव्यात. मार्च २०२३ मध्ये द लास्ट ऑफ अस पार्ट १ संगणकावर आला तेव्हा ८ जीबीच्या कार्डांवर तो फार वाईट चालत होता, आणि नंतरच्या अपडेटनी त्याचा मेमरीचा वापर बराच सुधारला.

टप्पा ४: जादा सुविधांचे वजन मिळवणे

रे ट्रेसिंगसाठी, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून उजेड आणि प्रतिबिंबे दाखवण्यासाठी, दृश्यातील वस्तूंची एक वेगळी रचना मेमरीत ठेवावी लागते. गेमनुसार ती साधारण एक जीबी किंवा त्याहूनही अधिक जागा घेते. हे सेटिंग आपण बंदच ठेवू, असे म्हणून आता भागत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल या गेमला रे ट्रेसिंगची क्षमता असलेले कार्ड असावेच लागते. त्याच गेममध्ये टेक्स्चरसाठी किती मेमरी राखायची याचे स्वतंत्र सेटिंग आहे, आणि ते कार्डाच्या क्षमतेपलीकडे लावले की वेग एकदम कोसळतो.

फ्रेम जनरेशन ही सुविधा गेमने काढलेल्या दोन फ्रेमच्या मधल्या फ्रेम तयार करण्यासाठी आपली वेगळी मेमरी घेते, आणि ४केवर ती काहीशे एमबी असते. कमी मेमरीच्या कार्डावर वेग वाढवण्यासाठी ते सुरू केले आणि वेग उलट घटला, असा अनुभव याच कारणाने येतो.

डीएलएसएस, एफएसआर आणि एक्सईएसएस यांसारख्या अपस्केलिंगबद्दलचा, म्हणजे कमी रिझोल्यूशनवर काढलेले चित्र मोठे करून दाखवण्याबद्दलचा, गैरसमज सर्वांत पक्का आहे. ४केवर क्वालिटी पर्याय लावल्यास गेम आतून २५६० × १४४० वर चित्र काढतो, म्हणून १४४०पीएवढीच मेमरी लागेल असे वाटते. मधली चित्रे लहान होतात हे खरे. पण टेक्स्चरचा तपशील अंतिम रिझोल्यूशनला शोभेल असाच ठेवला जातो, आणि अपस्केलिंग स्वतःही थोडी मेमरी वापरते. त्यामुळे अपस्केलिंगने चिपवरचा भार बराच हलका होतो, मेमरीची बचत मात्र थोडीच होते.

टप्पा ५: आकडा ठरवणे

आता बेरीज करावी. समजा, १२ जीबीच्या कार्डावर १४४०पी रिझोल्यूशनमध्ये, आपल्याला हव्या त्या टेक्स्चरवर, गेमच्या प्रक्रियेचा वापर ८.५ जीबी दिसला आणि खेळ सुरळीत होता. ४के टीव्हीवर जायचे असेल तर मधल्या चित्रांसाठी १, अधिक तपशिलाच्या टेक्स्चरसाठी १ आणि रे ट्रेसिंगसाठी दीड जीबी धरावे. त्यावर २ जीबी राखीव ठेवावे, कारण विंडोज, ब्राउझर आणि दुसरा मॉनिटर हेही याच मेमरीतून घेतात आणि पुढच्या वर्षीचे गेम आजच्यापेक्षा हलके असणार नाहीत. बेरीज १४ जीबी होते. बाजारात मिळणारी पुढची पायरी १६ जीबीची, म्हणून उत्तर १६.

मोजमाप करणे शक्य नसेल तर माझे मत असे. केवळ स्पर्धात्मक गेम १४४०पीवर खेळणाऱ्याला ८ जीबी आजही पुरतात. नवे मोठे गेम १४४०पीवर खेळायचे असतील तर १२ जीबी ही किमान पायरी समजावी, आणि रे ट्रेसिंग हवे असेल व कार्ड चार-पाच वर्षे वापरायचे असेल तर १६ घ्यावे. ४केसाठी नवे कार्ड घेताना १६ च्या खाली जाऊ नये. हाती आधीच १२ जीबीचे कार्ड असेल तर ते विकण्याची घाई करू नये, कारण टेक्स्चर एक पायरी उतरवून अनेक गेम ४केवर चांगले चालतात. २४ जीबी किंवा त्याहून अधिक मेमरी ४केवर पाथ ट्रेसिंग (रे ट्रेसिंगचे सर्वांत जड रूप) लावणाऱ्यांना किंवा जड टेक्स्चर मॉड (इतरांनी बनवलेली बदली टेक्स्चर) वापरणाऱ्यांना उपयोगी पडते. इतरांनी तो पैसा वेगवान चिपवर घालावा.

या मतामागे एक ठोस कारण आहे. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स या २०२० च्या यंत्रांत प्रोसेसर आणि ग्राफिक्स या दोघांसाठी मिळून १६ जीबीची सामाईक मेमरी आहे आणि एक्सबॉक्समध्ये त्यांतील १३.५ जीबी गेमला मिळते. मोठे गेम या मर्यादेच्या अंदाजाने बांधले जातात, आणि संगणकावर त्यांची उच्च सेटिंग याच मापाच्या आसपास फिरते.

टप्पा ६: आकड्यामागचे कार्ड तपासणे

मेमरीची प्रत्येक चिप जीपीयूशी ३२ बिटच्या वाटेने, म्हणजे डेटाच्या मार्गाने, जोडलेली असते आणि सध्या बहुतेक चिप २ जीबीच्या असतात. म्हणून १२८ बिटच्या कार्डावर चार चिप आणि ८ जीबी, १९२ बिटवर १२ जीबी आणि २५६ बिटवर १६ जीबी अशा पायऱ्या पडतात. बोर्डाच्या दोन्ही बाजूंना चिप बसवल्या की १२८ बिटवरही १६ जीबी मिळतात, पण वाट तेवढीच रुंद राहते. आरटीएक्स ४०६० टीआयच्या ८ आणि १६ जीबी या दोन्ही रूपांचा मेमरीचा वेग सेकंदाला २८८ जीबी इतकाच आहे, तर १२ जीबीच्या आरटीएक्स ४०७० चा ५०४ आहे. ४०६० टीआयचे १६ जीबीचे रूप १४४०पीवर उच्च टेक्स्चरसाठी चांगले आहे, पण केवळ आकडा पाहून त्याला ४केचे कार्ड समजणे चूक ठरेल.

इशारा: एकाच नावाची दोन कार्डे असतात. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी या दोन्ही कार्डांची ८ आणि १६ जीबीची रूपे आहेत. आरटीएक्स ३०६० च्या ८ जीबीच्या रूपात तर मेमरीसोबत वाटही १९२ वरून १२८ बिट केलेली आहे.

लॅपटॉप घेणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०७० मध्ये १२ जीबी, तर त्याच नावाच्या लॅपटॉप चिपमध्ये ८ जीबी असतात. ४०८० मध्ये १६ विरुद्ध १२ आणि ४०९० मध्ये २४ विरुद्ध १६ असा फरक आहे. नावावरून मेमरी गृहीत धरू नये, तपशीलपत्रक वाचावे.

मदरबोर्डाची नोंद इथे उपयोगी पडते. आरटीएक्स ४०६० आणि ४०६० टीआय यांसारखी कार्डे स्लॉटच्या सोळापैकी आठच मार्गिका (डेटा नेणारे मार्ग) वापरतात. बी४५० किंवा ए५२० सारख्या, पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर त्या मार्गाने सेकंदाला सुमारे ८ जीबी जाऊ शकतात, चौथ्या पिढीवर सुमारे १६. मेमरी ओसंडल्यावर सगळी ये-जा याच मार्गाने होते, म्हणून जुन्या बोर्डावर ८ जीबीचे आठ मार्गिकांचे कार्ड बसवण्यात अधिक धोका आहे. रॅमही १६ जीबीपेक्षा कमी असेल तर ओसंडलेला भाग डिस्कवर जाण्याची वेळ येते आणि गेम खेळण्याजोगा राहत नाही.

टप्पा ७: खरेदी आणि पेटी उघडल्यावरची तपासणी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा घरबसल्या मागवा, बिलावर कार्डाचे पूर्ण मॉडेल, मेमरीची क्षमता आणि अनुक्रमांक हे तिन्ही लिहून घ्यावेत. केवळ "५०६० टीआय" असे लिहिलेले बिल पुरेसे नाही. कार्ड बसवल्यावर जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर उघडून मेमरीची क्षमता, तिचा प्रकार आणि वाटेची रुंदी निर्मात्याच्या तपशीलपत्रकाशी ताडून पाहावी. जुने कार्ड घेत असाल तर ही तपासणी पैसे देण्याआधी, विकणाऱ्यासमोर करावी, आणि मेमरी जवळपास पूर्ण भरेल असा एखादा गेम अर्धा तास चालवून पडद्यावर ठिपके किंवा रंगीत चौकोन उमटत नाहीत ना, ते पाहावे.

टप्पा ८: सेटिंग लावण्याचा क्रम

नवे कार्ड आल्यावर सगळी सेटिंग एकदम वरच्या टोकाला नेऊ नये. आधी टेक्स्चर ठरवावे, कारण मेमरी पुरत असेल तोवर त्याने वेग फारसा घटत नाही आणि चित्रात सर्वाधिक फरक पडतो. नंतर अपस्केलिंग, मग रे ट्रेसिंग आणि शेवटी फ्रेम जनरेशन लावावे. प्रत्येक बदलानंतर गेम पुन्हा सुरू करून तिसऱ्या टप्प्यातील पडताळणी करावी. ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंग (तिरप्या दिसणाऱ्या पृष्ठभागांची टेक्स्चर स्पष्ट ठेवणारे सेटिंग) १६ पटींवर ठेवण्यास हरकत नाही, त्याने मेमरी जवळजवळ वाढत नाही.

मेमरी कमी पडतेच आहे असे दिसले तर उतरण्याचा क्रमही ठरलेला असावा. प्रथम ब्राउझर आणि मागे चालणारी इतर ॲप बंद करावीत. त्यानंतर टेक्स्चर एक पायरी खाली आणावे. एवढ्याने भागले नाही तर फ्रेम जनरेशन बंद करावे, मग सावल्यांचा दर्जा उतरवावा आणि त्यानंतर रे ट्रेसिंगला हात लावावा. मूळ रिझोल्यूशन सर्वांत शेवटी कमी करावे, कारण त्याने मेमरी थोडीच सुटते आणि ज्या पडद्यासाठी एवढा खर्च केला त्यावरचे चित्र मात्र अस्पष्ट होते.